चिंतामणराव देशमुख आणि बँकांची तपासणी

बिदर-गुलबर्ग्याकडच्या आपल्या जुन्या मंडळींनी दोन रुपये वापरले : निजामाचा हाली आणि इंग्रजी कलदार. सहा कलदारांना सात हाली असा हिशेब. १९५० नंतरच्या काही वर्षांत हाली चलनातून गेला, तेव्हा दिल्लीत अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाजवळच्या नाते गावी झाला. मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, आयसीएस आणि मग मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

हा मान सगळेच सांगतात. आम्हाला त्याहून मोठे वाटते ते त्यांच्या काळात उभे राहिलेले तपासणीचे काम. १९३८ मध्ये दक्षिणेतली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, ठेवीदार हवालदिल झाले. कोणत्याही बँकेच्या वह्या मागवून पाहण्याचा सरसकट अधिकार रिझर्व्ह बँकेला तेव्हा नव्हता. पुढे युद्धकाळात पैसा वाढला, तशा लहानमोठ्या बँकाही भराभर निघाल्या. त्यांतल्या बंगालमधल्या कित्येक पुढे कोसळल्या. १९४६ च्या वटहुकमाने तपासणीचा अधिकार मिळाला. १६ मार्च १९४९ पासून बँकिंग कंपनी कायदा लागू झाला. आता बँक चालवायला परवाना हवा, भांडवल ठरलेले हवे, आणि संचालकांना विनातारण कर्ज बंद! आपलेच पैसे आपल्याच घरात वाटून घेण्याची वाट या शेवटच्या कलमाने अडवली. नियम कोरडे खरे, पण ज्याची पुंजी पासबुकात आहे त्याला विचारावे.

हाच माणूस संस्कृतात रमणारा होता. मेघदूत त्यांनी मराठीत आणले.

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचे ठरू लागताच त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. आपल्यातल्या अनेकांची सोयरीक तेव्हापासून राज्याच्या सीमेपलीकडे आहे.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला, तो आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत.