बोरघाटाचा शिल्पकार : जेम्स जॉन बर्कली

६ जून १८६० रोजी मोहोळहून पुढे सोलापूरपर्यंत आगगाडी सुरू झाली. पण त्या वेळी सोलापूरचा माणूस गाडीत बसून थेट मुंबईला जाऊ शकत नव्हता. खंडाळ्याला उतरायचे, पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी घाट उतरायचा आणि खोपोलीला दुसरी गाडी धरायची, असा तो प्रवास होता. मधला हा तुटलेला दुवा ज्याने जोडला, त्या जेम्स जॉन बर्कलीचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

बर्कलीचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळ हॉलोवे येथे झाला. किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्याने रॉबर्ट स्टीफन्सन या विख्यात अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून १८५० च्या आरंभी तो मुंबईस आला, तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, ती त्याच्याच देखरेखीखाली. जमशेटजी दोराबजी यांच्यासारख्या देशी कंत्राटदारावर त्याने मोठी कामे सोपवली, हेही नमूद केले पाहिजे.

खरी कसोटी होती ती सह्याद्रीची. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. २५ बोगदे खोदावे लागले. कित्येक ठिकाणी चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता. एके ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तेथे रिव्हर्सिंग स्टेशन काढले. गाडी तेथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची वाट धरायची.

येथे विज्ञानाचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय बर्कलीपुढची अडचण ध्यानात येणार नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण माझे मामा रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे रूळ ही काय चीज आहे ते मी लहानपणापासून ऐकत आलो. रूळ आपल्याला दगडासारखा कठीण वाटतो, पण तो लवचिक असतो. चाक त्याला टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी. कित्येक टनांचा भार तेवढ्याशा जागेवर येतो, रूळ किंचित दबतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा वर येतो. उतारावर ब्रेक आवळले की घर्षणाने उष्णता निर्माण होते. चाक रुळावर घसरले तर रुळाचा वरचा पापुद्रा क्षणात तापतो. खालचे लोखंड मात्र थंडच असते. तापलेला भाग फुगू पाहतो, थंड भाग त्याला फुगू देत नाही. ही ओढाताण हजारो वेळा झाली की पृष्ठभागावर बारीक तडे जातात.

त्यात आपल्याकडचे ऊन! १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी जास्त तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. म्हणून सांध्यात फट ठेवत. मे महिन्याच्या भर दुपारी मामा रुळाकाठी गस्त घालत, ती याच भीतीने. वाढायला जागा मिळाली नाही तर रूळ बाजूला वाकतो.

दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय घडते, याचे गणित हाइनरिख हर्ट्झने मांडले ते १८८१ साली. फिरत्या भाराचे आणि फिरत्या उष्णतेचे एकत्रित गणित तर विसाव्या शतकातले. बर्कलीजवळ होते ते घडीव लोखंडाचे रूळ, हाताने आवळायचे ब्रेक आणि अनुभव.

घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. पटकीने आणि अपघातांनी किती बळी घेतले याची गणती नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उठाव झाला आणि पुढे पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतले आणि आपल्या अभियंत्यांकरवी काम तडीस नेले.

बर्कलीची प्रकृती मात्र ढासळली. १८६१ साली तो मायदेशी परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी निधन पावला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. तो सोहळा पाहणे बर्कलीच्या नशिबी नव्हते.

हे काम निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. रेल्वे झाली तीही मुख्यतः इंग्रजांच्या कापसासाठी आणि फौजेसाठी. तरी त्याच वाटेने मुंबईशी जोडले गेलेल्या सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली आणि आपल्या गावाचे रूप पालटले.

बर्कलीचे नाव इतिहासात राहिले. मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. रुळांवर आयुष्य घालवलेली माणसे आजही कुर्डुवाडीत, मोहोळात आणि आपल्या सोलापुरात आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेण्याचे काम आपल्या इतिहास मंडळाने येत्या वर्षी हाती घ्यावे, अशी माझी प्राध्यापकांना आणि विद्यार्थीमित्रांना विनंती आहे.