उष्णतेचा उतार मोजणारा गणितज्ञ : जोसेफ फूरिए



उष्णतावहनाच्या सूत्रात ऋण चिन्ह का येते, हा प्रश्न विज्ञान शाखेच्या मुलांना दरवर्षी पडतो. ते सूत्र देणाऱ्या जोसेफ फूरिए यांचा आज परिचय करून घेऊ.

फूरिए यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. गावच्या सैनिकी शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली. रात्रीच्या अभ्यासासाठी ते मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे जमवीत, असे सांगतात. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्यांना तुरुंगवास घडला. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी अध्यापन केले. १७९८ साली ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रनोबल येथे प्रशासक झाले. दलदलीचा निचरा, रस्ते ही सरकारी कामे सांभाळूनच त्यांनी उष्णतेचा अभ्यास केला.

त्यांचा सिद्धांत सोपा आहे. एक मीटर लांबीच्या सळईचे एक टोक १०० अंशांवर व दुसरे शून्य अंशावर ठेवले आणि बाजूंनी उष्णता निसटू दिली नाही, तर काही वेळाने दर सेंटीमीटरला तापमान एक अंशाने उतरते. हीच तापमानाची प्रवणता. सळई अर्धा मीटरच घेतली तर फरक तोच १०० अंशांचा, पण प्रवणता दुप्पट आणि उष्णतेचा प्रवाहही दुप्पट! म्हणजे नुसता फरक पुरेसा नाही, तो किती अंतरात आहे हेही पाहावे लागते. गणितात प्रवणतेची दिशा चढाकडे असते, उष्णता मात्र उताराकडे वाहते. म्हणून ते ऋण चिन्ह.

१८०७ साली त्यांनी आपला प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. लाग्रांजसारख्या ज्येष्ठ गणितज्ञाने आक्षेप घेतला व तो छापला गेला नाही. १८१२ साली सुधारित प्रबंधाला पारितोषिक मिळाले, पण परीक्षकांनी त्यातही उणिवा दाखविल्या. फूरिए खचले नाहीत. अखेर १८२२ साली त्यांचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ मे १८३० रोजी त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.

मित्रांनो, पहिल्या प्रयत्नापासून ग्रंथापर्यंत पंधरा वर्षे लागली. एका परीक्षेत गुण कमी आले म्हणून निराश होणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही हा चढ अवश्य लक्षात ठेवावा.