समर्थ रामदास आणि त्यांचे जांब

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी, शके 1530 च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे इ. स. 1608 च्या रामनवमीस, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण नावाचा पुत्र जन्मास आला. हेच पुढे समर्थ रामदासस्वामी होत. ठोसरांचे घराणे जमदग्निगोत्री देशस्थ ऋग्वेदी. गावचे कुळकर्णीपण त्यांच्याकडे आणि घरात सूर्याची व रामरायाची उपासना. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत समर्थांचे चरित्र यावे हे उचितच होय. मात्र समर्थ आपले म्हणताना ते कोणत्या नात्याने आपले, याचाही विचार ज्ञातिबांधवांनी करावा.

नारायण बालपणीच पितृछत्रास मुकला. बाराव्या वर्षी मातेच्या आग्रहास्तव तो बोहल्यावर चढला आणि सावधान हा शब्द कानी पडताच मंडपातून निघून गेला, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. ज्या संस्काराने मनुष्य ज्ञातीच्या नात्यागोत्यांत बांधला जातो, त्याच्याच उंबरठ्यावरून तो परतला, हे आम्हांस फार सूचक वाटते. नाशिकनजीक टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या व तदनंतर बारा वर्षे तीर्थाटन झाले. 1644 च्या सुमारास समर्थ कृष्णातीरी आले आणि 1648 मध्ये त्यांनी चाफळास राममंदिर उभारले. अकरा मारुती, शिवथरघळीतील दासबोध व सज्जनगडावरील वास्तव्य सर्वश्रुतच आहे. शिवछत्रपतींशी त्यांची प्रथम भेट केव्हा झाली, याविषयी पंडितांत तीव्र मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

समर्थांनी नात्याचा पाया बदलला. त्यांच्या संप्रदायात माणूस रामोपासनेने ओळखला जाई. बालविधवा वेणाबाईंना त्यांनी कीर्तनाचा अधिकार दिला व मिरजेचा मठ सोपविला. त्या काळच्या ज्ञातिधर्मात हे सहज बसणारे नव्हते. कल्याणस्वामी डोमगावी राहिले, उद्धवस्वामी टाकळीस. जेथे मठ स्थापन झाला, तेथील गावाला त्या मठामुळे नवी ओळख मिळाली.

समर्थांचे थोरले बंधू गंगाधरपंत, ज्यांस श्रेष्ठ म्हणतात, त्यांची आठवण मात्र फारशी कोणी ठेवीत नाही. धाकट्याने घर सोडले. थोरल्याने प्रपंच, वृद्ध माता आणि घरचा राम सांभाळला. भक्तिरहस्य हा ग्रंथही त्यांचाच. आमच्या मते जांबेचे ऋण समर्थांइतकेच श्रेष्ठांकडेही आहे.

शके 1603 च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे 1682 च्या आरंभी, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. जन्मगावाने मात्र त्यांना आपल्या नावातच सामावून घेतले. ते आज जांब समर्थ म्हणून ओळखले जाते. ठोसरांच्या देवघरातील म्हणून पूजिल्या जाणाऱ्या तेथील प्राचीन मूर्ती ऑगस्ट 2022 मध्ये चोरीस गेल्या, तेव्हा ती हानी एका घराण्याची वा एका ज्ञातीची न राहता साऱ्या गावाची झाली. काही महिन्यांत पोलिसांनी त्यांतील मूर्ती शोधून काढल्या.