टायरवरील भाराचे गणित सोडविणारे फर्ग्युसन

आयर्लंडमधील डाउन परगण्यातील शेतकरी कुटुंबात ४ नोव्हेंबर १८८४ रोजी हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म झाला. १९०९ मध्ये स्वतः बांधलेले विमान उडविणारा हा तरुण पुढे नांगराकडे वळला. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. चाके घसरू नयेत म्हणून यंत्रच अवजड करीत. त्याने जमीन दडपे. फाळ खडकात अडकला, की पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकावर उलटे. कित्येकांचे प्राण असे गेले.

फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. नांगराचे वजन व मातीची खालची ओढ मागच्या चाकांवर आली. वरची दांडी पुढचा भाग दाबून धरू लागली. ओढ वाढताच हायड्रॉलिक यंत्रणा नांगर किंचित उचली. टायरवर जादा भार येई तो नांगरताना, गरजेपुरताच. त्यामुळे १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर जेमतेम एक टनाचा असूनही पुरे पडला.

हेन्री फोर्ड यांच्याशी १९३८ मध्ये झालेला करार मात्र निव्वळ हस्तांदोलनाचा होता. एवढ्या हिशेबी माणसाने कागद करू नये, हे नवलच. पुढे तो मोडला. खटल्याअंती १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर पदरात पडले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले.