डॉ. विल्यम कोली : तापाशी मैत्री करणारा शल्यचिकित्सक

काही माणसांचे यश त्यांच्या हयातीत त्यांच्या पदरी पडत नाही. त्यांनी पेरलेले बी जमिनीत दडून राहते आणि पेरणारा निघून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याला अंकुर फुटतो. आज माणसाच्या स्वतःच्या रक्तातील पेशींना नवी शस्त्रे देऊन कर्करोगाविरुद्ध लढवण्याची विद्या जगभर गाजत आहे. या विद्येचे मूळ शोधत गेले तर आपण न्यूयॉर्कच्या एका तरुण शल्यचिकित्सकापाशी येऊन थांबतो. त्यांचे नाव डॉ. विल्यम ब्रॅडली कोली.

कोलींचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात वेस्टपोर्ट येथे झाला. आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचे पहिले शिक्षण विज्ञानाचे नव्हते. येल विद्यापीठात त्यांनी ग्रीक व लॅटिन या अभिजात भाषांचा अभ्यास केला, १८८४ साली पदवी घेतली आणि ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड गावी दोन वर्षे शिक्षकाची नोकरी केली. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १८८८ साली हार्वर्डची पदवी मिळवून ते न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाले. हात कुशल, स्वभाव उमदा आणि भविष्य उज्ज्वल. पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

१८९० साली एलिझाबेथ डॅशील नावाची सतरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. सगळे तिला बेसी म्हणत. आगगाडीच्या प्रवासात तिचा हात दोन आसनांमध्ये सापडला होता आणि सूज काही केल्या उतरत नव्हती. दुखापत क्षुल्लक दिसत होती. पण तपासणीत तो मांसकर्क, म्हणजे सार्कोमा निघाला. कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला. तरी रोग आधीच शरीरभर पसरलेला होता. जानेवारी १८९१ मध्ये बेसीने प्राण सोडला. तेव्हा कोली अवघे एकोणतीस वर्षांचे होते. आपली विद्या, आपली सुरी, आपली मेहनत, सारे काही एका कोवळ्या जिवापुढे फोल ठरावे ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. बेसी ही धनाढ्य रॉकफेलर घराण्यातील धाकट्या जॉनची जिवलग मैत्रीण होती. या घराण्याने पुढे कर्करोगाच्या संशोधनाला मोठ्या देणग्या दिल्या.

दुःखाने खचून बसण्याऐवजी कोली रुग्णालयाच्या जुन्या नोंदवह्या चाळू लागले. मांसकर्काच्या एकेका रुग्णाची हकीगत वाचत असता एक विलक्षण नोंद त्यांच्या नजरेस पडली. फ्रेड स्टाइन नावाच्या एका जर्मन मजुराच्या मानेवर गाठ होती. वारंवार शस्त्रक्रिया करूनही ती पुन्हा वाढे. डॉक्टरांनी आशा सोडली होती. अशात १८८४ साली त्याच्या जखमेत धावरे, म्हणजे विसर्प, हा जंतुसंसर्ग शिरला आणि त्याला कडक ताप भरला. प्रत्येक तापागणिक गाठ लहान होत गेली आणि अखेर नाहीशी झाली! रुग्ण घरी गेला आणि नोंद तिथेच संपली.

दुसरा कोणी असता तर नवल वाटून त्याने पान उलटले असते. कोली मात्र न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील गरीब वस्त्यांत, दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींचे जिने चढत स्टाइनला शोधत हिंडले. शेवटी तो सापडला. सात वर्षे लोटली होती, मानेवर जुना व्रण होता, आणि माणूस ठणठणीत होता.

येथून त्यांच्या आयुष्याचे सूत्र ठरले. जे निसर्गाने अपघाताने केले, ते आपल्याला मुद्दाम करता येईल का? १८९१ च्या मे महिन्यात त्यांनी झोला नावाच्या एका इटालियन रुग्णाला धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. त्याच्या घशात व मानेत गाठी होत्या, अन्न गिळवत नव्हते आणि आयुष्य थोड्या आठवड्यांचे उरले होते. पुष्कळ प्रयत्न झाले. अखेर ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील रॉबर्ट कॉक यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या जोमदार जंतूंनी काम केले. रुग्ण तापाने फणफणला, जगतो की मरतो असे झाले. पण मानेवरील गाठ विरघळू लागली आणि काही दिवसांतच नाहीशी झाली. घशातील गाठीचा अवशेष राहिला, तरी झोला पुढे सुमारे आठ वर्षे जगला.

मित्रहो, येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. हा उपचार म्हणजे आगीशी खेळ होता. ज्या काळी प्रतिजैविके नव्हती त्या काळी मरणासन्न माणसाला मुद्दाम दुसरा प्राणघातक रोग लावायचा! कोलींच्या पुढील रुग्णांपैकी दोघे त्या संसर्गानेच दगावले. चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. कोलींनीही ती झाकली नाही. त्यांनी वाट बदलली. जिवंत जंतूंऐवजी मारलेले जंतू वापरून, दोन जातींच्या जंतूंचे मिश्रण करून त्यांनी एक द्रव तयार केला. पुढे तो कोलींचे विष या नावाने ओळखला गेला. जानेवारी १८९३ मध्ये पोटात प्रचंड गाठ असलेल्या एका तरुणाला तो प्रथम देण्यात आला. थंडी वाजून ताप येई, ताप उतरे, पुन्हा टोचणी होई. काही महिन्यांत गाठ जवळजवळ गेली. तो तरुण त्यानंतर सव्वीस वर्षे जगला आणि हृदयविकाराने वारला.

असे असूनही वैद्यक जगताने कोलींना डोक्यावर घेतले नाही. याचे कारण केवळ मत्सर असे म्हणणे अन्यायाचे होईल. हा द्रव प्रत्येक वेळी सारखा उतरत नसे. कोणाला गुण येई, कोणाला मुळीच येत नसे. किती मात्रा, किती दिवस, कोठे टोचायची, याला नेमका नियम नव्हता. रुग्णांच्या नोंदीही काटेकोर नव्हत्या. आणि सर्वांत मोठा आक्षेप असा की गुण का येतो हे खुद्द कोलींना सांगता येत नव्हते. त्यातच १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि पाठोपाठ रेडियम आले. किरणांनी गाठ डोळ्यांदेखत आटे. ताप नाही, कापरे नाही. कोलींनी स्वतःही क्ष-किरण वापरले, पण आटलेली गाठ पुन्हा उगवते हे त्यांना दिसत होते. मेमोरियल रुग्णालयातील त्यांचे सहकारी व नामांकित विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग हे किरणोपचाराचे खंदे पुरस्कर्ते होते. या दोघांचा वाद अनेक वर्षे चालला. युइंग यांनी पुरावा मागितला यात त्यांची चूक नव्हती. परंतु पुरावा अपुरा आहे म्हणून प्रश्नच खोटा, असे मानले गेले, ही त्या काळाची चूक होती.

कोली मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ आपल्या वाटेवर चालत राहिले. जवळजवळ हजार रुग्णांवर त्यांनी हा उपचार केला. १६ एप्रिल १९३६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे नाव विस्मृतीत जाऊ लागले होते.

त्यांना वाचवले ते त्यांच्या मुलीने. हेलन कोली नॉट्स यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नव्हते. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून त्या जुनी कागदपत्रे उघडून बसल्या आणि शेकडो रुग्णांच्या हकीगती हाती लागल्या. बापाने जे केले नव्हते ते लेकीने केले. एकेका रुग्णाचा मागोवा घेऊन तिने नोंदी शिस्तीत लावल्या. १९५३ साली तिने न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेशी पुढे अनेक वर्षे निगडित राहिलेले लॉइड ओल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये गाठीचा नाश करणारा एक पदार्थ शरीरातच तयार होतो हे दाखवून दिले. जंतू गाठीला मारीत नव्हते. जंतूंमुळे खडबडून जागी झालेली शरीराची प्रतिकारशक्तीच गाठीवर तुटून पडत होती. कोलींना न सुटलेले कोडे सुटू लागले.

पुढचा टप्पा याहून अद्भुत आहे. १९८९ साली इस्राएलमध्ये झेलिग एशार यांनी टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर कृत्रिम ग्राहक बसवून दाखवला. रुग्णाच्या रक्तातून या पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवे जनुक पोचवायचे, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि पुन्हा रुग्णाला द्यायच्या. मग त्या शत्रुपेशी हुडकून मारतात. कार-टी असे या उपचाराचे नाव. २०१२ साली फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगाने अत्यवस्थ झालेल्या सहा वर्षांच्या मुलीला तो दिला गेला. तिला जीवघेणा ताप भरला. डॉक्टरांनी तो औषधाने आटोक्यात आणला आणि मुलगी रोगमुक्त झाली. स्टाइनचा ताप एकशे अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा भेटला, पण या वेळी डॉक्टरांना तो ओळखता येत होता. २०१७ मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली.

ही विद्या आता आपल्या दारी आली आहे. १९३१ साली, कोली हयात असतानाच, मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. याच रुग्णालयाने मुंबईच्या आय. आय. टी.बरोबर काम करून भारतीय कार-टी उपचार रुग्णांपर्यंत नेला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशाच्या मानाने त्याची किंमत पुष्कळ कमी असली, तरी सामान्य माणसाला ती आजही लाखांत मोजावी लागते. गाठीच्या स्वरूपातील बहुतेक कर्करोगांवर हा उपचार अजून तितकासा चालतही नाही. म्हणजे काम संपलेले नाही.

भाषांचा एक विद्यार्थी डॉक्टर झाला, एका मुलीला वाचवू शकला नाही, आणि एक जुनी नोंदवही त्याने नीट वाचली. वाचणे हे तर आपलेही काम आहे. कोलींना उत्तर सापडले नाही, पण प्रश्न त्यांनी हातातून सुटू दिला नाही. त्या प्रश्नावरच आज कित्येक मुले जगत आहेत.