रेव्हरंड टिळकांची साक्ष

कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, कोकणातला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या जाहीर साक्षीची किंमत संसाराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई मुलासह दुरावल्या. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो मात्र स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे'त ही हकीकत निर्व्याजपणे आली आहे. टिळकांची खरी साक्ष प्रवचनांपेक्षा अभंगांत आणि कीर्तनांत आढळते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. १९१९ मध्ये ते निवर्तले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.