डास सापडला, ताप मात्र परतत राहिला

पावसाळा सरत आला की करमाळा तालुक्यात, विशेषतः उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांत, ताप आलेल्या माणसाच्या घरी आरोग्यसेवक येतो. बोटाला सुई टोचतो आणि काचपट्टीवर रक्ताचे दोन लेप घेतो, एक पातळ आणि एक जाड. पातळ लेपात हिवतापाच्या जंतूची जात नीट ओळखता येते. जाड लेपात रक्त जास्त मावते, म्हणून जंतू थोडे असले तरी सापडतात. हा जाड लेप १९०३ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांनी सुचवला. डासामुळे हिवताप होतो हे दाखवणारे म्हणून रॉस आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात आणि तिथेच संपतात. त्यापुढे ते पस्तीस वर्षे जगले. त्या काळात त्यांना, आणि त्यांच्यासारख्या अनेकांना, एका कोड्याने छळले. औषधाने बरा झालेला हिवताप, नवा डास चावलेला नसतानाही, महिन्यांनी पुन्हा येतो कुठून?

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. मेरठचा उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील लष्करात अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना इंग्लंडला पाठवले. मुलाला चित्रे काढायची होती, कविता लिहायच्या होत्या. वडिलांनी वैद्यकाला घातले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी मन लावून अभ्यास केला असे कोणी म्हणणार नाही. एका परीक्षेत नापासही झाले, मग काही काळ जहाजावर डॉक्टरकी केली आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून भारतात आले. मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या होत राहिल्या. कादंबऱ्या लिहिणे आणि गणिते सोडवणे यांत त्यांचा बराच वेळ जाई.

बंगळूरला त्यांच्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना त्यांना दिसल्या. पिंप पालथे केले आणि डास कमी झाले. मेसच्या अधिकाऱ्याला त्यांनी हाच उपाय सांगितला, तर त्याने तो उडवून लावला. आज ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून दारोदार सांगणाऱ्या आशाताईंना हा अनुभव नवा वाटणार नाही.

१८८० मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हराँ यांनी रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला होता. रॉस यांचा त्यावर विश्वास नव्हता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि डासाचा या रोगाशी संबंध असावा ही आपली कल्पनाही सांगितली. पुढच्या वर्षी रॉस सिकंदराबादला आले ते हेच शोधायचे ठरवून.

जवळजवळ दोन वर्षे ते चुकीचे डास चिरत बसले. १८९७ च्या उन्हाळ्यात उटीजवळच्या सिगूर घाटात शोधाशोध करताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. ऑगस्टात पंखांवर ठिपके असलेल्या वेगळ्या जातीचे डास त्यांच्या हाती लागले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला हे डास चाववून घेतले, चाव्याला एक आणा दराने. उकाडा असह्य होता, पण पंखा चालवला तर चिरलेला डास उडून जाई, म्हणून तो बंद. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते, भिंगाला तडा होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. तसेच कण हिवतापाच्या जंतूत असतात. अजून थोडे दिवस मिळाले असते तर काम पुरे झाले असते, पण सरकारने त्यांची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली. तिथे हिवतापाचे रुग्णच फारसे नव्हते. सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना यावर काही सांगायला नको.

१८९८ मध्ये ते कलकत्त्याला आले. प्लेगच्या लसीची धास्ती इतकी होती की लोक बोट टोचू देईनात. मग त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. महंमद बक्ष या सहायकाच्या मदतीने जुलै महिन्यात जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतो आणि चाव्यातून निरोगी चिमणीत जातो हे सिद्ध केले. माणसाच्या बाबतीतला पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी दिला. श्रेयावरून दोघांत जे भांडण जुंपले ते शोभणारे नव्हते, आणि रॉस यांनी ते आयुष्यभर सोडले नाही. १९०२ चे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

भारत सोडून ते लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत शिकवू लागले. आता ध्यास होता निर्मूलनाचा. सिएरा लिओन, सुएझ कालव्यावरचे इस्माइलिया, मॉरिशस असे ते फिरले. इस्माइलियात डबकी बुजवून आणि तेल टाकून हिवताप दोन-तीन वर्षांत जवळपास नाहीसा झाला. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत मात्र ख्रिस्तोफर्स आणि एस. पी. जेम्स यांच्यासारख्या डॉक्टरांनी केलेला तसाच प्रयोग फसला, आणि रॉस यांनी प्रयोग करणाऱ्यांनाच दोष दिला. इकडे १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन यांनी वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी ही डासाची नवी जात नोंदवली. विहिरीत आणि गच्चीवरच्या टाकीत वाढणारा हाच डास मुंबईचा हिवताप पसरवतो असे पुढे दिसून आले.

मॉरिशसच्या कामातून रॉस यांनी जे गणित मांडले ते त्यांच्या नोबेलइतकेच मोलाचे आहे. शेवटचा डास मारावा लागत नाही, असे ते गणित सांगते. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की एका रुग्णामागे सरासरी एकाहून कमी नवा रुग्ण होतो आणि रोग आपोआप विझत जातो. साथीच्या रोगांचे आजचे सगळे हिशेब या विचारातून निघालेले आहेत. पण त्यात एक गृहीत होते. रुग्ण ठराविक काळाने बरा होतो आणि त्याच्यापासून डासाला जंतू मिळणे थांबते. सगळे रुग्ण असे वागत नव्हते.

पहिल्या महायुद्धाने ते उघडे पाडले. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात रॉस यांचा थोरला मुलगा फ्रान्समध्ये मारला गेला. १९१७ मध्ये युद्धखात्याने त्यांना हिवतापाचे सल्लागार नेमले. त्याच वर्षी ग्रीसमधल्या सॅलोनिकाच्या आघाडीकडे जाताना त्यांच्या बोटीवर पाणतीराचा हल्ला झाला, ते वाचले. त्या आघाडीवर गोळीपेक्षा तापाने जास्त सैनिक आडवे केले होते. त्यांना मायदेशी आणले, इंग्लंडच्या थंडीत ठेवले, रोज कोयनेल दिले. ताप उतरे, रक्त स्वच्छ होई. कोयनेल थांबवले की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा हुडहुडी भरून आडवा पडे. मात्रा वाढवून पाहिली, दिवस वाढवून पाहिले. कानात दडे बसले, भोवळ आली. ताप परतायचा तो परतलाच.

रॉस आणि त्यांचे सहकारी डेव्हिड थॉमसन यांनी रक्तातले जंतू मोजण्याची पद्धत बसवली होती. त्यावरून त्यांचे मत झाले की औषधानंतरही थोडे जंतू रक्तातच उरतात, दिसण्याच्या मर्यादेखाली, आणि पुन्हा वाढतात. जाड लेप त्यांनी सुचवला तो असे थोडके जंतू पकडण्यासाठीच. तर्क चुकीचा म्हणता येत नाही. चौथ्या दिवशी येणाऱ्या हिवतापात असेच घडते. पण एकाआड एक दिवस येणाऱ्या नेहमीच्या हिवतापाचा, म्हणजे व्हायव्हॅक्सचा, जंतू रक्तात लपत नाही. जर्मन शास्त्रज्ञ शाउडिन यांनी १९०३ मध्ये डासाने सोडलेला जंतू थेट तांबड्या पेशीत शिरताना पाहिल्याचे जाहीर केले होते. मोठ्या माणसाचा शब्द, त्यामुळे दुसरीकडे कोणी फारसे बघितलेच नाही. १९३१ मध्ये जंतू रक्तात येण्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी पेशींत वाढत असावा अशी शंका ठामपणे मांडली ती मियाँ मीरच्या त्याच एस. पी. जेम्स यांनी.

तोवर रॉस थकले होते. लंडनच्या पटनी भागात १९२६ मध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली. १९२७ मध्ये ते कलकत्त्याला येऊन गेले आणि जिथे काम केले त्या रुग्णालयाच्या दारावरचे स्मारक त्यांनी पाहिले. पैशाच्या चणचणीत आपली कागदपत्रे विकली. १९३१ मध्ये पत्नी रोझा गेल्या. १६ सप्टेंबर १९३२ रोजी आपल्याच संस्थेत रॉस यांनी प्राण सोडला. संस्था १९३४ मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये विलीन झाली, आणि त्याच शाळेत १९४८ मध्ये शॉर्ट व गार्नहॅम यांना जंतूचे ठिकाण सापडले. ते यकृतात होते. यातले शॉर्ट भारतात अनेक वर्षे नोकरी करून गेलेले. काही जंतू यकृताच्या पेशीत वाढतच नाहीत, नुसते झोपून राहतात, हे दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले. या झोपलेल्या जंतूला हिप्नोझॉइट म्हणतात. तो काही आठवड्यांनी जागा होतो किंवा आठ-दहा महिन्यांनी. भारतात दोन्ही प्रकार आढळतात.

कोयनेल काय किंवा आजचे क्लोरोक्विन काय, रक्तातला जंतू मारते, झोपलेल्याला हातही लावत नाही. त्याच्यावर चालणाऱ्या औषधांतले पहिले, प्लाझ्मोक्विन, रॉस हयात असतानाच १९२६ मध्ये जर्मनीत जाहीर झाले होते. पण ते घेतलेल्या काही रुग्णांची लघवी काळी झाली, कावीळ झाली, काही दगावले. का, ते तेव्हा कळले नाही. त्याच कुळातले प्रायमाक्विन दुसऱ्या महायुद्धानंतर आले आणि कोरियाहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना बोटीवरच दिले गेले. त्याच्या चाचण्या इलिनॉयमधल्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाल्या होत्या. आज त्याला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. तिथेच १९५६ मध्ये उलगडा झाला. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत जास्त दिसतो. आपल्याकडे काही समाजांत त्याचे प्रमाण बरेच आहे. भारतात आढळणाऱ्या त्याच्या एका प्रकाराच्या नावात तर आपले कल्याण शहर आहे.

म्हणून व्हायव्हॅक्स हिवतापाला तीन दिवस क्लोरोक्विन आणि वजनाप्रमाणे चौदा दिवस प्रायमाक्विन असा उपचार आहे. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्याला रोजची गोळी चालत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे अशी देता येते. चाचणी आहे, पण ती प्रत्येक खेड्यात पोचलेली नाही. स्त्रियांत दोष अर्धवट असू शकतो आणि साध्या चाचणीतून तो निसटतो. गोळ्या चालू असताना लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागू लागली तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. टॅफेनोक्विन हे एकाच मात्रेचे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, मात्र ते शरीरात बरेच दिवस राहते. त्रास सुरू झाला तर थांबवायला काही उरत नाही, त्यामुळे त्याआधी एन्झाइमची नेमकी मोजणी लागते.

घराघरातली अडचण याहून साधी आहे. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि माणूस कामावर जातो. उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. त्यात ती उपाशीपोटी घेतली की पोटात दुखते. मग ‘उष्ण पडली’ म्हणून गोळी बंद.

२०२७ पर्यंत देशात स्थानिक हिवतापाचा एकही रुग्ण राहू नये आणि २०३० पर्यंत निर्मूलन व्हावे असे सरकारचे उद्दिष्ट आहे. रॉस यांच्या गणिताप्रमाणे डास कमी केले की रोग विझायला हवा. पण ज्याच्या यकृतात जंतू झोपला आहे तो माणूस ठणठणीत दिसतो, त्याचा पातळ लेप निर्दोष येतो, जाड लेपही निर्दोष येतो. यकृतातला झोपलेला जंतू दाखवील अशी चाचणी दवाखान्यात आजही नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो कारखान्यावर जातो आणि थंडीत, डास कमी असताना, त्याला हुडहुडी भरते. तो रुग्ण कारखान्याच्या गावाच्या यादीत चढतो, तिथे फवारणी होते, डबकी तपासली जातात. त्याला चावलेला डास दुसऱ्याच तालुक्यातला असतो, आणि कधीच मेलेला.